खुणेच्या वरचं पाणी

“व्हॉल्व्हचा टास्क तुझा आहे ना? मग तुझंच काहीतरी चुकतंय. नीट बघ.” सोमवारच्या मीटिंगमध्ये मी एवढंच म्हणालो. टास्क म्हणजे यंत्रातल्या प्रोग्रॅमचा एकेक काम सांभाळणारा भाग. आवाज चढवला नव्हता, टेबलावर हातही आपटला नव्हता. खोलीत आम्ही सात जण होतो, चहाचे कागदी कप अर्धे रिकामे झाले होते. जिला मी हे म्हणालो ती आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी, नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झालेली. तिनं मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि “हो सर, बघते” म्हणाली. विषय पुढे सरकला. या गोष्टीला आता काही वर्षं झाली. तरी पहाटे कधी जाग आली की ते वाक्य माझ्याच आवाजात कानाशी येतं, आणि मग झोप लागत नाही.

झालं होतं ते असं. तासगावच्या बाजूला एका द्राक्षबागेत आमचं यंत्र बसवलं होतं. ठिबकचे सहा व्हॉल्व्ह एकामागून एक उघडायचे, ठरलेल्या मिनिटांनी बंद करायचे, मोटारीच्या तिन्ही फेजवर नजर ठेवायची आणि सगळा हिशोब मोबाईलच्या नेटवर्कवरून पाठवायचा. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. ज्यांची बाग आहे त्यांना हे सांगायला नको. रात्रपाळीच्या आठवड्यात बॅटरी घेऊन साप-विंचवातून बांधावर जायला लागू नये म्हणूनच तर यंत्र घ्यायचं. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा होता, काढणी तीन आठवड्यांवर आलेली. पहाटे साडेपाचला फोन आला. “साहेब, दिवा लुकलुकतोय, पण यंत्र काय ऐकंना. तीन नंबरचा व्हॉल्व्ह रात्रभर उघडाच हाय.” मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. तीन नंबरच्या प्लॉटात वेलींच्या बुडाशी चिखल झालेला. बागेच्या मालकांनी, आमच्या काकांनी, एक घड हातात धरून माझ्यासमोर केला. साखर भरत आलेल्या मण्याला असं अवेळी भरपूर पाणी मिळालं की तो फुगतो, साल ताणली जाते आणि देठाजवळून एक बारीक चीर जाते. नखानं ओढल्यासारखी. त्या चिरेतून रस झिरपत होता आणि मुंग्या लागल्या होत्या. काका रागावले नाहीत. “बघा,” एवढंच म्हणाले.

पेटीतला हिरवा दिवा मात्र सेकंदाला एकदा, अगदी शिस्तीत लुकलुकत होता.

त्या दिव्याचा मला आजही राग येतो. यंत्र जिवंत असल्याचा पुरावा म्हणून तो आम्हीच लावला होता. आत कोणताही टास्क अडकून सगळंच ठप्प झालं तर वॉचडॉगनं, म्हणजे खबर यायची थांबली की जागा होणाऱ्या पहारेकऱ्यानं, यंत्र पुन्हा सुरू करावं, अशी योजना होती. पण वॉचडॉगला “सगळं ठीक आहे” असं कळवायचं काम आम्ही दिव्याच्याच टास्कला दिलं होतं, आणि दिव्याचा टास्क ठणठणीत होता. तो प्रामाणिकपणे आपल्यापुरतं खरं सांगत होता. शेजारी व्हॉल्व्हचा टास्क गाढ झोपला आहे, त्याला हाक मारली तरी तो उठत नाही, हे त्याला कळायचा काही मार्गच नव्हता.

हे सगळं चालत होतं आठ किलोबाइट रॅममध्ये. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचता आहात त्यातला एक साधा फोटोदेखील त्या जागेत मावणार नाही. आधी आमच्याकडे वीस किलोबाइटवाला कंट्रोलर, म्हणजे यंत्राचा मेंदू असलेली चिप, होता, एसटीएम३२ एफ१०३, ‘ब्लू पिल’ नावाच्या निळ्या बोर्डामुळे पोराटोरांच्याही ओळखीचा. २०२१ साली जगभर चिपांचा दुष्काळ पडला. पुण्याच्या तापकीर गल्लीत चकरा झाल्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एका ओळखीच्या माणसानं चौकश्या केल्या, पण मिळाले ते एफ०३० मालिकेतले. प्रोग्रॅमला जागा तेवढीच, चौसष्ट किलोबाइट. रॅम मात्र आठ. मोठ्या घरातून लहान घरात बिऱ्हाड हलवताना जे होतं तेच झालं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ‘ही लागणार आहे का’ असं विचारत बसायचं. मोडेमच्या बफरला, म्हणजे निरोप तात्पुरते ठेवायच्या जागेला, एक किलोबाइट हवाच. टास्कांची नावं सोळा अक्षरांची जागा खात होती, ती आठवर आणली. आणि प्रत्येक टास्कचा स्टॅक, म्हणजे अर्धवट कामाच्या नोंदी ठेवायची त्याची स्वतःची जागा, मी स्वतः बसून कापला. फ्रीआरटीओएस, म्हणजे एकाच चिपवर अनेक टास्क आळीपाळीनं चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, अशा ठिकाणी टिकतं, २००३ पासून असल्याच तळहाताएवढ्या जागेत राहत आलं आहे. पण ते तुमच्यासाठी जागा निर्माण करत नाही. कुणाला किती द्यायची हे तुम्हीच सांगायचं, आणि चूक झाली तर ती बहुतेक वेळा निमूटपणे होऊ द्यायची, असा त्याचा स्वभाव.

टास्क आणि स्टॅक म्हणजे काय हे मला कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातली आकृती येत नाही. जत तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा येते. अण्णा तिथं गुरुजी होते. कागदावर शाळा द्विशिक्षकी, पण दुसरे गुरुजी कधी जनगणनेला, कधी निवडणुकीला, कधी बदलीच्या प्रतीक्षेत. म्हणजे चार वर्ग, एक खोली आणि एकटे अण्णा. मी त्याच खोलीत चार वर्षं शिकलो. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, ती गिरवताहेत तोवर दुसरीचा पाढा घ्यायचा, पाढा अर्ध्यात असताना तिसरीचं शुद्धलेखन तपासायचं आणि चौथीच्या भागाकाराकडे वळायचं. त्यातच कुणी करंगळी वर केली की हातातलं सगळं सोडून आधी त्याला बाहेर पाठवायचं. एका वेळी अण्णा एकाच वर्गाला शिकवत असत, पण चारही वर्गांना वाटायचं गुरुजी आपलेच आहेत. यामागचं कसब होतं ते परतण्यात. दुसरीकडे परत आल्यावर “हं, सत्रा साते?” असं ते नेमकं तिथूनच उचलत. धड्याच्या ओळीवर खडूचा बारीक ठिपका ठेवून जायचे, परतल्यावर तो अंगठ्यानं पुसायचे. आमच्या कंट्रोलरला एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळताना सोळा रजिस्टर, म्हणजे हातातल्या आकड्यांचे कप्पे, जपून ठेवावे लागतात. निम्मे हार्डवेअर आपणहून ठेवतं, निम्मे आपल्याला ठेवावे लागतात. सगळे मिळून चौसष्ट बाइट. कुठवर आलो होतो एवढं लक्षात ठेवण्याची ही किंमत, आणि ती प्रत्येक झोपलेल्या टास्कच्या स्वतःच्या जागेतून वजा होते.

फळा एकच होता. अण्णांनी त्याच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं तीन उभ्या रेघा ओढून चार खण केले होते. पहिलीचा खण सगळ्यात अरुंद, चौथीचा सगळ्यात रुंद. एक दिवस चौथीला पाच अंकी संख्येचा भागाकार चालला होता आणि उत्तर काही केल्या संपेना. अण्णा लिहीत गेले, बोलत गेले, आणि खडू रेघ ओलांडून तिसरीच्या खणात शिरला. तिथं तिसरीसाठी चार ओळी लिहिलेल्या होत्या. त्यांच्या शेवटच्या शब्दांवर भागाकाराची शून्यं चढली. चौथीचं गणित बरोबर आलं. तिसरीतल्या एका पोरीनं मात्र पाटीवर जसं दिसलं तसं उतरवून घेतलं, शब्दाच्या पोटात शून्य. अण्णांनी पाटी बघितली आणि “हे काय लिहिलंस?” म्हणून तिला रागावले. तिनं फळ्याकडे बोट दाखवलं. अण्णा वळले. बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले, मग ओल्या फडक्यानं स्वतःची शून्यं पुसली आणि पोरीचा शब्द पुन्हा नीट काढून दिला. मी तेव्हा दुसरीत होतो. हा प्रसंग मला इतकी वर्षं आठवतही नव्हता.

तो आठवला त्या मीटिंगनंतरच्या बुधवारी रात्री, साडेनऊच्या सुमाराला.

ऑफिसात आम्ही दोघंच उरलो होतो. बागेतून काढून आणलेल्या बोर्डाचा वीजपुरवठा आम्ही सुटू दिला नव्हता. बॅटरीवर जसाच्या तसा, झोपलेल्या टास्कसकट पुण्यापर्यंत आणला होता. तिनं त्याला डिबगर, म्हणजे चालू चिपच्या आत डोकावायचं साधन, जोडला आणि आठ किलोबाइट मेमरी पूर्ण बाहेर काढली. दोन दिवस ती स्वतःचाच कोड वाचत बसली होती. ओळ न् ओळ, कारण मी सांगितलं होतं की चूक तिची आहे. कोडमध्ये काही सापडेना तेव्हा तिनं हा दुसरा मार्ग धरला. मला बोलावून म्हणाली, “सर, हे नाव बघा ना.” प्रत्येक टास्कच्या नोंदीत त्याचं नाव अक्षरांत लिहिलेलं असतं. व्हॉल्व्हच्या टास्कच्या पाच रोमन अक्षरांपैकी पहिली तीन शाबूत होती. चौथ्याच्या जागी भलताच बाइट, पाचव्याच्याही. आणि त्याच्या पुढे, जिथं ‘हा टास्क हाकेची वाट बघतो आहे’ अशी खूण असते, तिथंही कचरा. म्हणजे टास्क मेला नव्हता. तो वाट बघत होता, हाकही येत होती, पण ‘हा वाट बघतोय’ ही नोंदच पुसली गेल्यानं हाक मारणाऱ्याला त्याला उठवायची गरज वाटत नव्हती. हे ती मला समजावून सांगत होती आणि मी ऐकत होतो, पण माझी नजर त्या कचऱ्याच्या वरच्या पत्त्यांवर गेली होती. तिथं लॉगच्या, म्हणजे नोंदी लिहिणाऱ्या, टास्कचं बिऱ्हाड होतं. स्टॅक वरून खाली वाढतो. वरच्या घरातली मोरी तुंबली की ओल खालच्या घरात दिसते, तसं.

लॉगचा टास्क माझा होता.

इथं मला माझ्या मावशीच्या घराबद्दल सांगायला हवं. तिचं घर सांगलीच्या गावभागात. २००५ला कृष्णेचं पाणी आत आलं तेव्हा मावशीच्या यजमानांनी ते ओसरल्यावर जिन्याच्या भिंतीवर लाल रंगानं एक आडवी रेघ ओढली, शेजारी साल लिहिलं. पुढची चौदा वर्षं त्या घरात त्या रेघेचा शब्द अखेरचा होता. पेट्या, धान्याच्या कोठ्या, आजोबांच्या पोथ्या, सगळं रेघेच्या वर वीतभर ठेवलेलं. पावसाळ्यात कुणी चिंता केली की मावशी रेघेकडे बोट दाखवायची. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी त्या रेघेपाशी आलं आणि थांबलं नाही. आठवड्यानंतर मी चिखल उपसायला गेलो तेव्हा पोथ्यांची पानं फुगून एकमेकांना चिकटली होती, आणि भिंतीवर लाल रेघेच्या बऱ्याच वर, पाण्यानं स्वतःच ओढलेली मातकट रेघ होती. मावशी म्हणाली, “रेघ खोटी नव्हती रे. तेव्हा तेवढंच आलं होतं.”

आमच्या धंद्यात नेमकी अशीच रेघ असते. फ्रीआरटीओएस टास्क तयार करताना त्याचा सगळा स्टॅक एकाच बाइटनं, ए-पाच, ए-पाच, ए-पाच असा भरून टाकतं. टास्क चालायला लागला की वरून एकेक ए-पाच पुसला जातो. कधीही विचारलं तर तळाशी किती ए-पाच शिल्लक आहेत ते मोजून सांगतं. म्हणजे आजवर पाणी कुठवर चढलं होतं ते. लॉगचा स्टॅक मी दोनशे छप्पन शब्दांवरून (आमच्या कंट्रोलरवर एक शब्द म्हणजे चार बाइट) एकशे अठ्ठावीसवर आणला तो याच मोजमापाच्या भरवशावर. चार दिवस, चार रात्री यंत्र टेबलावर चालवलं होतं. एक्केचाळीस शब्द शिल्लक दाखवत होतं. मला त्या आकड्याचा अभिमान वाटला होता हे मी लपवणार नाही. इतक्या काटकसरीनं घर लावल्याचा आनंद असतो. त्याच भरात मी स्टॅक भरल्याची वेळोवेळी होणारी तपासणीही शेवटच्या आवृत्तीतून काढली. मोजमाप झालं आहे, मग पहारा कशाला, असा विचार. पण माझ्या टेबलावरची वीज पुण्याच्या ऑफिसातली होती. तासगावच्या शिवारात रात्री एकदम सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की एखादी फेज खाली बसते, आणि फेज खाली बसली की लॉगचा टास्क एक इशारा लिहितो, तिन्ही फेजचे व्होल्ट, दशांशासकट. त्या दशांशासाठी मी लायब्ररीतलं जे तयार फंक्शन बोलावलं होतं ते पोटात आणखी फंक्शनं बोलावतं, ती आणखी, आणि सगळी मिळून शेकडो बाइट स्टॅक मागतात. चार दिवसांत ती ओळ एकदाही चालली नव्हती. रेघ खोटी नव्हती. तेव्हा तेवढंच आलं होतं.

त्या रात्री घरी जाताना मला चंद्रावर उतरणारं यान आठवत राहिलं. अपोलो अकराच्या कॉम्प्युटरमध्ये बदलता येणारी मेमरी होती २०४८ शब्दांची. न बदलणारी, छत्तीस हजारांच्या वरची, रेथिऑनच्या कारखान्यात बायकांनी तारा ओवून हातानं विणलेली. २० जुलै १९६९ला उतरताना १२०२ असा इशारा पुन्हा पुन्हा आला, म्हणजे नव्या कामाला द्यायला मेमरीत जागाच उरली नाही. खरी खोट होती रडारच्या जोडणीत. त्याचे निरर्थक सिग्नल कॉम्प्युटरचा थोडा थोडा वेळ खात होते, त्यामुळे आधीचं काम संपायच्या आत पुढचं येऊन उभं राहत होतं, आणि बोंब झाली ती मेमरीची. तरी यान उतरलं. कारण जागा संपली तर काय सोडायचं आणि काय काही झालं तरी धरून ठेवायचं, हे लिहिणाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं. पडद्यावरचे आकडे थांबले तर थांबोत, इंजिनाचं नियंत्रण सुटता कामा नये. मी आमच्या यंत्रात कशाला धरून ठेवलं होतं? नोंदींना. व्हॉल्व्ह बंद होणं महत्त्वाचं, त्याची बातमी नंतरची, हे बागेतल्या काकांनी मला न विचारता सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन फेजचा डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करायचं उपकरण, लावला. जड वस्तू, वरचं काळं चाक फिरवताना आतला ब्रश तांब्याच्या वेढ्यांवरून सरकतो तो हाताला जाणवतो आणि पत्र्याच्या पेटीतून घुमल्यासारखा आवाज येतो. चाक तिच्या हातात, माझ्यासमोर स्क्रीन. तिन्ही फेज २३०वर, शिल्लक एक्केचाळीस. २१०, एक्केचाळीस. २००, एक्केचाळीस. “अजून खाली घे,” मी म्हणालो. १८५ला इशारा लिहिला गेला आणि आकडा सरळ शून्य झाला. मध्ये काही नाही, एक्केचाळीस आणि मग शून्य. ती चाक धरूनच स्क्रीनकडे वाकून बघत होती. मी म्हणालो, “माझ्या टास्कमुळे झालं हे. तुझं काही चुकलं नव्हतं.” ती “हं” म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “सर, पण हा दशांश लागतो का आपल्याला? १८५.३ऐवजी १८५३ पाठवू. भागायचं ते सर्व्हर भागेल.” मी तिला सांगू शकलो असतो की दशांश घालायची कल्पना माझीच होती, ग्राहकाला स्क्रीनवर बरं दिसतं म्हणून. सांगितलं नाही. ती ओळ काढली. प्रोग्रॅम काही किलोबाइटनी लहान झाला, आणि चाक पुन्हा १८५वर आणलं तेव्हा शिल्लक अडतीस होती. तपासणी परत चालू केली. वॉचडॉगला कळवण्याआधी आता दिव्याचा टास्क बाकी प्रत्येकाकडून हजेरी घेतो.

काकांना मी फोनवर खरं ते सांगितलं, आमच्या लिहिण्यात चूक होती म्हणून. तीन नंबरच्या प्लॉटातला माल त्यांनी बेदाण्याला घातला होता. नुकसानीचं आम्ही आमच्या परीनं बघितलं. पण मला छळतं ते वेगळंच.

पुढच्या सोमवारी मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर सांगितलं की दोष लॉगच्या स्टॅकचा होता, तो मी कापला होता, आणि शोधला हिनं. शब्द आधी मनात जुळवून गेलो होतो. पण त्या दिवशी दोघं रजेवर होते, आणि माझ्या ते ध्यानातच आलं नाही. मधल्या आठवड्यात ती दोन दिवस जेवणाच्या सुट्टीतही जागेवरून उठली नव्हती, हे मला तिच्या मैत्रिणीकडून फार पुढे कळलं. दीड-दोन वर्षांनी ती दुसऱ्या कंपनीत गेली, चांगल्या जागी गेली. त्यानंतर एकदा टपरीवर चहा घेताना त्या रजेवरच्या दोघांपैकी एक जण सहज बोलून गेला, “त्या तासगावच्या बागेत तिच्या टास्कनं घोळ घातला होता ना, आठवतंय?”

मी कप फळीवर ठेवला आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो.